हाताने घडवलेल्या दागिन्यात सोनं नसलं, तरी तो इतका महाग का?

कारण तिथे तुम्ही धातूच्या वजनाचे नाही, घडणावळीचे आणि कल्पनेचे पैसे देता. चांदीची तार ठोकत गेलं की ती कडक होते. मग तापवून मऊ करायची, पुन्हा ठोकायची, डाख द्यायचा (म्हणजे धातू वितळवून जोड पक्का करायचा), कानशीने घासायचं, चकाकी आणायची. एका पेंडंटमागे दोन-तीन दिवस सहज जातात, आणि साचा नसल्याने पुढच्या नगाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मौल्यवान माल हवाच असं नाही, हे फ्रेंच दागिने-कलाकार रने लालीकने १९०० च्या सुमारास दाखवून दिलं. तो शिंग, काच आणि मीना हिऱ्यांच्या जोडीला बसवायचा. शिल्पकार अलेक्झांडर काल्डर तर पितळेची तार ठोकून, वळवून दागिने करायचा, तेही बहुधा डाख न देता. असे सुमारे १,८०० नग त्याने केले!

घेताना दागिना उलटा करून बघा. पुढची बाजू सगळेच सजवतात. कसब कळतं ते मागच्या बाजूला, कडीच्या जोडावर आणि फिरकीत. हातोडीच्या खुणा मात्र पुरावा मानू नका, त्या यंत्रानेही उमटवता येतात. कलाकाराला सरळ विचारा, यातलं तुम्ही स्वतः काय केलंत? खरा कारागीर थांबता थांबत नाही.