जळगावात बागेत बुटके डॅफोडिल लावले तर फुलतील का?

जमिनीत नाही फुलणार. पण कंदांना फ्रिजची थंडी दिली तर कुंडीत एक हंगाम नक्की फुलवता येतात. ‘टेट-आ-टेट’सारख्या 15-20 सेंमी उंचीच्या जातींना फुलाचा दांडा वर यायला सलग 12 ते 14 आठवडे 4 ते 8 अंशांचा गारवा लागतो. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री कितीही बोचऱ्या असल्या तरी दुपारी ऊन तापतं, त्यामुळे नुसती पाती येते. शिवाय खान्देशची काळी जमीन पाणी धरते आणि कंद बुडापासून सडतो. लावण्याआधी बुडाची चकती अंगठ्याने दाबा, मऊ लागली तर तो कंद टाकून द्या.

सप्टेंबरच्या मध्यात 15 सेंमीच्या कुंडीत 5-6 कंद, शेंडे जेमतेम वर ठेवून लावा. माती, कोकोपीट, जाड वाळू समान घ्या. हलकं पाणी देऊन, भोकं पाडलेल्या पिशवीत कुंडी फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. त्याच फ्रिजमध्ये केळी किंवा सफरचंदं नकोत, पिकणाऱ्या फळांच्या वायूने आतली कळी मरते. कंद कांद्यासारखाच दिसतो आणि विषारी असतो, म्हणून चिठ्ठी लावाच.

डिसेंबरमध्ये बाहेर काढून आठवडाभर सावलीत, मग फक्त सकाळच्या उन्हात ठेवा. साधारण 3-4 आठवड्यांत फुलं येतात. या काळात माती कोरडी पडली तर कळ्या कागदासारख्या वाळतात.

मात्र हेच कंद पुढच्या वर्षी फुलतील असं धरू नका, आपला उन्हाळा त्यांना पुन्हा भरू देत नाही.