बाग होण्याआधी तिथं काय होतं?

प्रश्न: आमच्या छोट्या शहरातल्या पाण्याकाठच्या बागेचा इतिहास लिहायला घेतलाय. उद्घाटनाचं साल मिळालं, पण त्याआधीचं काहीच सापडत नाहीये. काठावर एक बुटका लोखंडी खांब आहे, त्यावर मुलं बसतात, तो कसला असेल? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर: सुरुवात त्या खांबापासूनच करा! तो बहुतेक बोटी बांधायचा खुंट असणार. त्याच्या मानेवरून हात फिरवून बघा, गुळगुळीत खाचा लागल्या तर त्या दोरखंडांच्या, ओल्या दोरात वाळू अडकते आणि वर्षानुवर्षं घासून घासून लोखंडसुद्धा झिजतं. मग काठ बघा. नैसर्गिक काठ सहसा वाकडातिकडा आणि उतरता असतो, तुमचा जर सुरीनं कापल्यासारखा सरळ असेल आणि खाली लगेच खोल पाणी, तर तिथं धक्का होता असं समजायला हरकत नाही, आणि पायाखालची जमीनसुद्धा भराव टाकून केलेली असू शकते.

असे धक्के ओस का पडले? २६ एप्रिल १९५६ ला आयडियल एक्स नावाचं जहाज ५८ कंटेनर, म्हणजे मालानं भरलेल्या, क्रेननं थेट उचलता येणाऱ्या मोठ्या पेट्या, घेऊन अमेरिकेत न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं, आणि पुढच्या काही दशकांत बोटींवरचा बहुतेक माल मोठ्या क्रेन, खोल पाणी आणि भरपूर मोकळी जागा असलेल्या बंदरांकडे गेला, त्याआधी रेल्वे आणि ट्रकनी बराचसा पळवलाच होता. छोट्या धक्क्यांवर राहिल्या रिकाम्या वखारी.

कारखान्यांचंही तेच. अमेरिकेतल्या सिॲटल शहराचा गॅसचा कारखाना १९०६ ते १९५६ चालला, १९७५ ला तिथं बाग झाली. बागेची आखणी करणाऱ्या रिचर्ड हाग यांनी कारखान्याचे काही जुने मनोरे पाडू दिले नाहीत, म्हणून आजही तिथं काय चालायचं ते लहान पोराला पण दिसतं. मला हे फार मोलाचं वाटतं, नाहीतर बाग सुंदर होते आणि तिथं घाम गाळलेली माणसं पुसली जातात. पण तिथली माती प्रदूषित होती हेही लक्षात ठेवा, तुम्ही कुठे खणत बसू नका.

आता वेगवेगळ्या सालांचे नकाशे मिळवा आणि किनाऱ्याची रेघ कधी पुढे सरकली ते बघा, मग जमीन खरेदीचे कागद. आणि म्हाताऱ्या माणसांना "इतिहास सांगा" म्हणू नका हो, गप्प बसतात. भोंगा किती वाजता व्हायचा, वास कसला यायचा, एवढंच विचारा आणि ऐकत राहा.