वडील ओळखू येतात, पण वडील वाटत नाहीत

प्रश्न : मी वडिलांचे व्यक्तिचित्र एका छायाचित्रावरून तैलरंगात केले आहे. नाक-डोळे बरोबर आले, पाहणारे त्यांना ओळखतातही. तरी चेहरा निर्जीव वाटतो. डोळ्यांवर आणखी काम करावे का?

उत्तर : डोळ्यांना तूर्त हात लावू नये. आपण पाठवलेल्या प्रतिमेत पापणीचा केस न् केस मोजता येतो आणि ओठांची रेघ सुरीने कापल्यासारखी आहे. चेहरा गोठला आहे तो या सगळीकडे सारख्याच धारदार असलेल्या कडांमुळे. माणसाचा भाव बराचसा ओठांच्या कोपऱ्यांत आणि डोळ्यांखालच्या सावलीत असतो, आणि तिथे रेघ नसतेच. तैलरंग सावकाश वाळतो, ही या माध्यमाची मोठी सोय आहे. रंग ओला असतानाच कोरडा, स्वच्छ ब्रश ओठांच्या कोपऱ्यावरून एकदाच हलका फिरवावा, म्हणजे ती कड गालाच्या सावलीत विरून जाते. दुसऱ्यांदा फिरवण्याचा मोह टाळावा, कारण तिथे चिखल व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा दोष रंगाचा आहे. उजळपणासाठी आपण प्रत्येक छटेत पांढरा मिसळल्यामुळे त्वचा खडूसारखी दिसते. पुरुषांच्या चेहऱ्यात बहुधा कपाळ पिवळसर, नाक, गाल व कान तांबूस आणि दाढीचा भाग निळसर-करडा असतो. हे फरक किंचित वाढवून मांडले तरी चेहऱ्यात जान येते.

छायाचित्र वापरण्यात गैर काही नाही. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आपल्या आईचे चित्र कृष्णधवल छायाचित्रावरूनच केले, परंतु ते रंगहीन छायाचित्र त्याला सहन होत नसल्यामुळे आठवणीतली आई त्याने स्वतःच्या रंगांत, हिरव्या पार्श्वभूमीवर उभी केली. आपल्याला तर वडील समोर बसवता येतात. (फ्लॅशच्या छायाचित्रात सावल्याच मरतात, हेही खरे.)

म्हणून हे चित्र दुरुस्त करण्यापेक्षा लहान कॅनव्हासवर नवे करावे. वडिलांना एका बाजूने उजेड येईल असे बसवून वाचू द्यावे. पोझ घेतलेला माणूस चेहरा आवळून धरतो. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आधी केवळ छायाप्रकाशाचे मोठे आकार मांडावेत आणि मान कोणत्या बाजूला, किती कलते ते तिथेच पक्के करावे, कारण घरची माणसे पाठमोरी असली तरी आपण त्यांना त्या कलण्यावरूनच ओळखतो. पापण्या शेवटी, आणि तेव्हाही त्यांची गरज भासली तरच.