शोकात बुडालेल्या पात्राला काल्पनिक सोबती देणं ही लेखकाची पळवाट असते का?

तुमचा प्रश्न असा आहे की घरातलं माणूस गेलं किंवा जायला टेकलं, की कादंबरीतल्या पात्राला एखादा राक्षस, पक्षी नाहीतर प्राणी भेटतो. ही लेखकाने स्वतःसाठी काढलेली पळवाट नव्हे का?

वाईट कादंबरीत असतेच. सोबती येतो, डोळे पुसतो, चार समजुतीच्या गोष्टी सांगतो आणि वेळ झाली की नाहीसा होतो. पण या प्रकारातली जी पुस्तकं मी पुन्हा पुन्हा वाचली, त्यांतले सोबती मुळीच प्रेमळ नाहीत. ते मानगुटीवर बसतात आणि त्या माणसाला जे अजिबात बोलायचं नाहीये, तेच त्याच्याकडून वदवून घेतात.

पॅट्रिक नेसची 'अ मॉन्स्टर कॉल्स' (२०११) घ्या. मूळ कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. ती २००७ मध्ये कॅन्सरने गेली आणि पुस्तक पुढे नेसने लिहिलं. तेरा वर्षांच्या कॉनरची आई कॅन्सरने आजारी आहे. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी घरामागच्या टेकडीवरचं यूचं झाड राक्षस होऊन त्याच्या खिडकीशी येतं. सकाळी खोलीभर त्या झाडाची पानं पडलेली असतात आणि हा पोरगा ती निमूटपणे झाडून पिशवीत भरतो. यू हे इंग्लंडमध्ये चर्चच्या दफनभूमीत हमखास दिसणारं झाड, आणि कॅन्सरवरची काही महत्त्वाची औषधंही याच जातीच्या झाडांपासून मिळाली. आईला असंच औषध सुरू होतं, तेव्हा कॉनरला वाटतं, हा तिला बरं करायलाच आलाय. औषध लागू पडत नाही. राक्षस म्हणतो, मी तिच्यासाठी आलो नव्हतो, तुझ्यासाठी आलो होतो.

तीन गोष्टी राक्षस सांगतो, चौथी कॉनरने सांगायची, आणि ती खरी हवी. ती अशी, की रोजच्या दुःस्वप्नात आईचा हात त्याच्या हातून निसटत नाही, तो सोडतो. त्याला हे सगळं एकदाचं संपायला हवं असतं. ज्यांनी घरात लांबलेलं आजारपण काढलंय त्यांना हे मी वेगळं सांगायला नको. आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल 'सुटली बिचारी' असं सगळे म्हणतात. 'मीही सुटलो' हे मात्र कुणाच्या तोंडून निघत नाही. कॉनरच्या आसपासची मोठी माणसं तर त्याला शिक्षासुद्धा करत नाहीत. एका रात्री तो आजीचा दिवाणखाना फोडून टाकतो. आजी येते, बघते, किंचाळते आणि उरलेलं एकमेव कपाट स्वतःच खाली पाडते. ओरडा तर नाहीच, एक शब्दही नाही. अशा घरात खरं बोलायला भाग पाडणारं कुणीतरी हवंच होतं, आणि ते झाडाला करावं लागलं.

मॅक्स पोर्टरच्या 'ग्रीफ इज द थिंग विथ फेदर्स' (२०१५) मध्ये बायको गेलेल्या बापाच्या आणि दोन लहान मुलांच्या लंडनमधल्या घरी कावळा मुक्कामाला येतो. बाप कवी टेड ह्यूजचा अभ्यासक, त्यामुळे हा कावळा ह्यूजच्या १९७० च्या कवितांतून आलेला. उद्धट, घाणेरडा, आणि गरज संपेपर्यंत जाणार नाही असं बजावणारा. मराठी वाचकाला इथे दहावा आठवल्याशिवाय राहणार नाही. पिंडाला कावळा शिवत नाही, तेव्हा घाटावर काय चालतं ते आठवा. एकेक जण पुढे होतो आणि हात जोडून मोठ्याने म्हणतो, 'धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ', 'आईला अंतर देणार नाही'. जे घरात कुणी उच्चारलं नव्हतं ते कावळ्यासमोर चारचौघांत बोललं जातं. कावळा आलाच नाही तर दर्भाचा करतात आणि तोच पिंडाला शिवतात. पोर्टरला हे माहीत असायचं कारण नाही, पण दोन्हीकडे कावळा येऊन करतो ते काम मला एकच वाटतं.

यान मार्टेलच्या 'लाइफ ऑफ पाय' या कादंबरीतला वाघ तुम्हाला ठाऊक असेल. जहाज बुडाल्यावर पाय नावाचा मुलगा या वाघासोबत एकाच होडीत समुद्रात अडकतो. पाय शेवटी जी दुसरी, बिनप्राण्यांची हकिकत सांगतो, ती धरली तर वाघ म्हणजे तो स्वतःच. मला त्यातली सगळ्यात खरी गोष्ट वाटते ती मेक्सिकोच्या किनाऱ्यावरची. वाघ मागे वळूनही न बघता जंगलात निघून जातो आणि पाय त्या राहून गेलेल्या निरोपासाठी रडतो. आई-वडील-भावाचाही निरोप त्याला घेता आलेला नाही, हे लेखक तिथे बोलून दाखवत नाही.

तेव्हा एखादं पुस्तक पळवाट काढतंय का हे पाहायचं असेल, तर सोबती त्या माणसाकडून काय मागतो ते बघा. काहीच मागत नसेल तर तुमची शंका रास्त आहे. सुरुवात नेसच्या पुस्तकापासून करा, आणि शक्यतो जिम के यांची काळी-पांढरी चित्रं असलेलीच आवृत्ती घ्या. त्या चित्रांत झाडाच्या फांद्या मजकुराच्या पानांवरही पसरत जातात.