आईला त्वचेचा ल्युपस आहे. नव्या क्रीमच्या चाचणीत तिचं नाव द्यावं का?

तुम्ही विचारलंय ते असं: आई ५२ वर्षांची, शहाद्याजवळ राहते, शेतात जाते. दोन्ही गालांवर चट्टे, कातडीचा तुकडा तपासून त्वचेचा ल्युपस (शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटते तो आजार) निघाला. आता डॉक्टर म्हणतात की एका नव्या क्रीमची चाचणी आहे, नाव देता का. तिला प्रयोगाचा उंदीर तर करत नाहीत ना, आणि क्रीम लागू पडलं हे कळणार कसं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. पहिल्याचं उत्तर त्यातच निम्मं मिळतं.

मी एसटीवर चालक, जळगाव-चोपडा मार्गावर. सहा वर्षांपासून डिस्कॉइड ल्युपस आहे, म्हणजे त्वचेच्या ल्युपसचाच गोल चट्ट्यांचा प्रकार. उजव्या गालावर दोन चट्टे, उजव्या कानाच्या पाळीवर एक, डोक्यात एक. डावा गाल जवळपास साफ. असं का, ते कळायला मला फार दिवस लागले. सकाळी चोपड्याकडे जाताना ऊन उजव्या खिडकीतून येतं आणि दुपारी परत येताना पण उजवीकडूनच. काच लावली तरी उन्हातली यूव्हीए ही अतिनील किरणं बरीचशी आत येतातच.

पहिले पाच महिने मात्र गजकर्ण समजून मेडिकलवरून आणलेली ट्यूब चोळली. त्यात स्टेरॉइड होतं. लावलं की लाली बसायची, सोडलं की दुप्पट यायची. शेवटी गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, लाल शिरा दिसायला लागल्या. अमळनेरची मावशी लग्नात भेटली, हनुवटी धरून म्हणाली, "तुना तोंडले काय व्हयनं रे भाऊ?" दुसऱ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. (एका शेजाऱ्याने मोबाइलवर शोधून 'हा तर टीबी' असंही सांगितलं होतं. तो ल्युपस व्हल्गॅरिस, तो खरंच त्वचेचा टीबी. नाव सारखं, आजार वेगळा.)

आता चाचणीचं. डॉक्टरांनी मलाही एका क्रीमच्या चाचणीसाठी मुंबईला पाठवलं होतं. फॉर्म भरला, रक्त दिलं, फोटो काढले आणि मला घेतलं नाही. माझ्या ल्युपसवरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळ्यांचा डोस नुकताच बदलला होता. अशा चाचण्यांत चालू गोळ्यांचा डोस काही आठवडे तोच असावा लागतो, नाहीतर गुण गोळीचा की क्रीमचा, हे सांगता येत नाही. तेव्हा राग आला. रजा टाकून गेलो होतो. पण तिथल्या सिस्टरने बसवून जे समजावलं ते आजवर उपयोगी पडतंय.

ती म्हणाली, तुमच्याकडे मे महिन्यात क्रीम सुरू केलं आणि ऑगस्टात तपासलं, तर कुठलंही क्रीम चांगलंच ठरणार. खरंच आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा कित्येकदा ४५ च्या वर जातो, चट्टे नुसते पेटलेले असतात. मग आभाळ भरून येतं, ऊन मवाळ होतं, लाली आपोआप उतरते. पाऊस पडतो आणि नाव क्रीमचं होतं. म्हणून काही जणांना औषध नसलेलं, दिसायला अगदी तसंच क्रीम देतात. कोणाला कुठलं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं आणि ते पेशंटलाही माहीत नसतं, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसतं. तुमच्या आईंच्या वाट्याला बिनऔषधाची ट्यूब येऊ शकते. हे कबूल नसेल तर नाव देऊ नका, मधे सोडण्यापेक्षा ते बरं.

दुसरा प्रकार एकाच माणसाच्या दोन चट्ट्यांवर दोन क्रीमं लावायचा. २००७ मध्ये तैवानच्या डॉक्टरांनी ल्युपसच्या पेशंटांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला टॅक्रोलिमस हे बिनस्टेरॉइडचं मलम आणि दुसऱ्या बाजूला क्लोबेटासोल हे जहाल स्टेरॉइड चार आठवडे लावलं. गुण दोन्हीकडे सारखाच आला, पण स्टेरॉइडच्या बाजूला निम्म्याहून जास्त जणांच्या चेहऱ्यावर बारीक लाल शिरा उठल्या. माझ्या गालावर तेच झालं होतं. २०११ ची जर्मनीतली चाचणी ३० पेशंटांची, ०.१ टक्का टॅक्रोलिमस विरुद्ध औषध नसलेलं नुसतं मलम. २८ आणि ५६ दिवसांनी फरक स्पष्ट दिसला, ८४ दिवसांनी तो उरला नाही. म्हणजे महिन्याभरात गाल उजळला म्हणून पेढे वाटू नयेत.

मुंबईहून परत आल्यावर आमच्या डॉक्टरांनी तीच रीत माझ्यावर छोट्या प्रमाणात वापरली. डावा-उजवा गाल करून चाललं नसतं, ऊन एकाच बाजूला. म्हणून उजव्या गालावरच्याच दोन चट्ट्यांत वाटणी केली: वरच्याला टॅक्रोलिमस, खालच्याला साधं व्हॅसलिन, दोन्हींवर सनस्क्रीन. जानेवारीत सुरू, आठ आठवडे. दर रविवारी सकाळी सात वाजता ओट्यावर, त्याच भिंतीपाशी, गालाला रुपयाचं नाणं लावून मुलगी फोटो काढायची. नाण्यामुळे चट्टा वाढला की आटला ते नेमकं कळतं.

पहिले चार-पाच दिवस आग झाली. भरताच्या मिरच्या ठेचून तोच हात तोंडाला लागावा तशी. मग थांबली. चौथ्या रविवारी वरच्या चट्ट्याची सूज आणि लाली उतरलेली फोटोत दिसत होती. आठव्याला खालचाही थोडा बसला होता, कारण तोवर मी टोपी, गमछा आणि सनस्क्रीन इमानदारीने वापरत होतो, बिडीही सोडली होती. (बिडी-सिगारेटने हा आजार चिघळतो आणि गोळ्याही कमी लागू पडतात.) दोघांतला फरक होता, पण मला वाटला होता तेवढा नाही. मधे एक ट्यूब वायाही घालवली. गाडीत डॅशबोर्डवर राहिली, दाबली तर आधी नुसतं तेल आलं आणि मग गोळा. डॉक्टर चांगलेच बोलले. तेव्हापासून ट्यूब घरी माठाशेजारी, डब्यात.

एक गोष्ट आईंना आधीच सांगून ठेवा. चट्ट्यात दोन वेगळे हिशोब असतात. ल्युपसच्या चाचण्यांत क्लासी नावाची मोजणी वापरतात. त्यात चालू आजाराचे, म्हणजे लाली, पापुद्रे वगैरेंचे गुण ० ते ७०, आणि होऊन गेलेल्या नुकसानाचे, म्हणजे व्रण आणि रंग बदलल्याचे, ० ते ५६. क्रीमकडून आशा धरायची ती पहिल्या हिशोबात. माझ्या डोक्यातल्या चट्ट्यावर व्रण झालाय, तिथे केस येणार नाहीत, कितीही चांगलं क्रीम आलं तरी. आईंना गाल पहिल्यासारखा गोरा होईल असं कोणी सांगितलं असेल तर ते चाचणीवाले नव्हेत.

आता उंदराचं. भारतात १५ जून २००९ पासून औषधाची चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवणं सक्तीचं आहे आणि ती कोणालाही फुकट बघता येते. डॉक्टरांकडून नोंदणी क्रमांक मागा. तो सांगायला कोणी टाळाटाळ केली तर तिथूनच माघारी फिरा. पेशंटांचे हक्क आणि सुरक्षितता बघणाऱ्या नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही. संमतीचा फॉर्म आईंना कळेल अशा मराठीत हवा, त्याची एक प्रत घरी न्यायला मिळते, आणि कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं. बाहेर पडलं म्हणून नेहमीचा उपचार बंद करता येत नाही.

मी असतो तर नाव दिलं असतं, दोन अटींवर. आईंच्या चालू गोळ्या बंद होणार नसतील, आणि शहाद्याहून दर खेपेला जाणं खरंच जमणार असेल. गाडीभाडं देतात का ते विचारा, लाजू नका. आणि थापा चालत नाहीत बरं का. परत आणलेल्या ट्यूबचं वजन करतात, "रोज लावलं" म्हणून भागत नाही. बोटाच्या शेवटच्या पेरभर क्रीम साधारण अर्धा ग्रॅम भरतं, त्यावरून त्यांना हिशोब कळतो.

फॉर्म हातात आला की चाचणी संपल्यावर क्रीम पुढे मिळणार का, ते कलम आधी शोधा. माझ्या फॉर्ममध्ये ते शेवटून दुसऱ्या पानावर होतं.