'तुतारी'वर दहा मिनिटं बोलायचंय, तयारी कशी करू?

एस.वाय.ला मराठीच्या तासाला केशवसुतांच्या 'तुतारी' या कवितेवर तोंडी सादरीकरण आहे आणि भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मी बरीच वर्षं अशी सादरीकरणं ऐकतो आहे, म्हणून सांगतो: कवीच्या चरित्रापासून सुरुवात करू नका. जन्म १८६६, गाव मालगुंड, मूळ नाव कृष्णाजी केशव दामले, हे वर्गात सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्यात तीन मिनिटं गेली की शेवटी कवितेसाठी घाई होते.

त्यापेक्षा एकच मुद्दा धरा. उदाहरणार्थ, ही कविता 'मी'पासून 'तुम्ही'पर्यंत कशी जाते? सुरुवातीला कवी एकटा आहे: 'एक तुतारी द्या मज आणुनि'. फुंकायला प्राण आहेत, तुतारी मात्र मागावी लागतेय. ती कुणाकडे मागतोय, हा प्रश्न वर्गाला टाकून थोडं थांबा. पुढे 'जाळुनि किंवा पुरुनि टाका' अशी आज्ञा येते, मग 'खांद्यास चला खांदा भिडवुनी' आणि 'सुंदर लेणी तयात खोदा' येतं, आणि शूरांना साद घालत 'समतेचा ध्वज उंच धरा रे' असं तो म्हणतो. एवढ्यावर दहा मिनिटं सहज निघतात.

'जुने जाऊ द्या' ही ओळ तोडून 'कवी परंपरेचा शत्रू' असं मात्र म्हणू नका. त्याचा राग धर्माच्या अवडंबरावर आहे. नीतीची बाजू तो सोडत नाही. इथे काळ सांगा, कारण इथे तो कामाला येतो: कविता १८९३ची. समाजसुधारणेचा पुरस्कार करणारं आगरकरांचं 'सुधारक' हे पत्र १८८८ला निघालं होतं आणि संमतिवयाचा (मुलींशी शरीरसंबंधासाठीचं किमान वय वाढवणारा) कायदा १८९१ला झाला होता, म्हणजे सुधारणेचा वाद ताजाच होता.

वाचनाचा सराव मोठ्यानेच करा. ओळ सोळा मात्रांची (ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन), आठ-आठवर तुटते: 'एक तुतारी / द्या मज आणुनि', 'भेदुनि टाकिन / सगळीं गगनें'. मध्ये किंचित विसावलात की ठेका आपोआप सापडतो. 'आणुनि'तला 'नि' ऱ्हस्व ठेवा, लांबवलात तर एक मात्रा वाढते. (पाठांतर स्पर्धेसारखं हातवारे करत ओरडू नका, हसू येतं.)

संपूर्ण भाषण लिहून वाचू नका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ओळी आणि चार-पाच शब्द पुरेत. घरी मोबाइलवर रेकॉर्ड करून वेळ बघा. आठ मिनिटांत बसलं तर ठीक, वर्गात थोडं लांबतंच. पीपीटी केलीत तर त्यावर फक्त कवितेच्या ओळी ठेवा.

शेवटी सर किंवा मॅडम बहुतेक विचारतील, 'केशवसुतांना आधुनिक कवितेचे जनक का म्हणतात?' त्यासाठी त्यांनी मराठीत आणलेल्या सुनीताचं (चौदा ओळींची कविता, इंग्रजीतलं सॉनेट) उदाहरण तयार ठेवा. 'मयूरासन आणि ताजमहाल' हे त्यांचं सुनीत एकदा वाचून जा.