घरी वाइन करताना बेकरीचं यीस्ट वापरलं तर बाटल्या फुटतात का? द्राक्षं न आणता स्वस्तात कशी करता येईल?

नाही. बेकरीच्या यीस्टने बाटल्या फुटत नाहीत, आंबणं चालू असताना बूच घट्ट लावल्याने फुटतात. एवढ्या ठामपणे सांगतेय कारण याच गैरसमजापायी आमच्या आईने वाइन करणं कायमचं सोडलं.

आम्ही वसईचे. नोव्हेंबर लागला की आई चिनी मातीची बरणी घासून दोन दिवस कडक उन्हात ठेवायची. अर्धा किलो काळ्या मनुका, पाऊण किलो साखर, तीन लिटर उकळून गार केलेलं पाणी, मूठभर गहू, दालचिनीचा तुकडा, चार लवंगा आणि अर्धा चमचा यीस्ट, बस. द्राक्षं कधीच नाही. तोंडाला जुन्या मलमलचा फडका बांधायचा, झाकण नाही, आणि रोज सकाळी लाकडी डावाने एकदा ढवळायचं. बरणीला कान लावला की आत बारीक चरचर ऐकू यायची, आई म्हणायची "अजून बोलतेय, हात लावू नका". आवाज थांबला, वर तरंगणाऱ्या मनुका तळाला बसल्या की मगच गाळायची. बहुतेक 21 दिवस लागायचे, पण ती दिवस मोजायची नाही, कान लावायची.

2008 ला घरात आजारपण निघालं आणि बरणी भरायलाच डिसेंबर उजाडला. त्यात थंडी, थंडीत यीस्ट हळू चालतं. 19 तारखेला आई बाहेरगावी गेलेली असताना आमचे भावोजी म्हणाले नाताळ तोंडावर आलाय, मी भरून टाकतो. वाइन तेव्हा बोलत होती, मी स्वतः ऐकलं होतं आणि त्यांना सांगितलंही होतं. त्यांनी पाऊण लिटरच्या पाच काचेच्या बाटल्यांत ती गाळली, चाखून बघितली, गोडी कमी वाटली म्हणून प्रत्येकीत दोन-दोन मोठे चमचे साखर घातली आणि फिरकीची बुचं जोर लावून आवळली. 24 च्या रात्री मध्यरात्रीची मिस्सा आटोपून घरी आलो तर स्वयंपाकघरातून वाइनचा घमघमाट. आई दिवा लावायला अंधारात अनवाणी आत गेली आणि टाचेत काच घुसली. पाचपैकी तीन बाटल्या फुटल्या होत्या, एक तुकडा तर मांडणीच्या फळीत रुतून उभा होता. नाताळच्या दिवशी सकाळी टाचेला चार टाके.

आणि भावोजी काय म्हणाले, "आई, तुम्ही पावाचं यीस्ट घातलंत ना, म्हणून. फॉरेनला वाइनचं वेगळं यीस्ट असतं." त्यानंतर दर नाताळला, दर बारशाला, चार माणसं जमली की हेच. आई काही बोलली नाही. तिला ते खरंच वाटलं. पुढच्या वर्षी बरणीत लोणचं घातलं.

आता नीट ऐका. बेकरीचं यीस्ट आणि वाइनचं यीस्ट ही जात एकच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, फक्त वाण वेगळे. दोन्ही साखर खातात, आणि खाल्लेल्या साखरेच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग अल्कोहोल होतो, अर्धा कार्बन डायऑक्साइड. मोठा चमचा म्हणजे साधारण 12 ग्रॅम साखर, त्यातून तीन लिटरच्या वर गॅस निघतो. दोन चमचे म्हणजे सहा लिटरच्या वर, शिवाय वाइनमध्ये आधीची न संपलेली साखर होतीच, आणि हे सगळं पाऊण लिटरच्या आवळलेल्या बाटलीत. महागातलं परदेशी यीस्ट असतं तरी त्या बाटल्या फुटल्याच असत्या! चूक साखरेची, घाईची आणि बुचाची. आईच्या यीस्टची नाही.

तेव्हा स्वस्तात करायची तर वरचंच प्रमाण घ्या. मनुका काळ्याच घ्या, पिवळ्या-हिरव्या बेदाण्यांना बऱ्याचदा गंधकाची धुरी दिलेली असते, त्याने यीस्ट मंदावू शकतं. तेल चोळलेल्या असतात म्हणून कोमट पाण्याने दोनदा धुवायच्या आणि चिरून घालायच्या. बेकरीचं यीस्ट 12-13 टक्के अल्कोहोलच्या आसपास दमतं, त्यामुळे ही वाइन गोडच राहते, कोरडी हवी असेल तर साखर कमी करा. गव्हाने काही दारू वाढत नाही, त्यातला स्टार्च असा आंबत नसतो, मी घालते कारण आई घालायची. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ वापरू नका. वर रंगीत बुरशी दिसली तर सगळं ओतून द्या, वरवर काढून प्यायचं नाही. वाइनचं यीस्ट मिळालं तर जरूर घ्या, गाळ घट्ट बसतो आणि पावाचा वास येत नाही, एवढं मान्य आहे.

एक आधीच सांगायला हवं होतं, महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी दारू गाळणं काय, वाइन करणंही गुन्हाच आहे. करणारे करतात, पण तुम्ही माहीत असून ठरवा, आणि विकायचा तर विचारही नको. ऊर्ध्वपातनाच्या, म्हणजे वाइन उकळून वाफेतून दारू काढण्याच्या, वाटेला मुळीच जाऊ नका.

बाटलीत भरताना आधी थोडी वाइन कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून झाकण लावून आठवडाभर फ्रिजबाहेर ठेवा आणि रोज दाबून बघा. कडक झाली तर आत काम चालू आहे, काचेला हात लावायचा नाही. मऊ राहिली तरच भरा, वरून साखर घालू नका आणि फ्रिजमध्ये ठेवा.

ताई, तू हे वाचत असशील तर भावोजींना दाखव. आई समोर बसलेली असताना दाखव.